प्रवाहाला लगाम कोठे घालावा?

प्रस्तावना

बटण दाबले की दिवा लागतो, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, त्यामागे केवढी मोठी व्यवस्था उभी आहे याचा विचार सहसा मनात येत नाही. वीजकेंद्रे, उंच मनोरे, उपकेंद्रे आणि हजारो किलोमीटर लांबीच्या तारा यांचे एक विशाल जाळे देशभर पसरलेले आहे. या जाळ्यात एखाद्या ठिकाणी बिघाड झाला, तर तो तेथल्या तेथे आवरता येईल, की त्याचा फटका दूरवरच्या गावांनाही बसेल, हा प्रश्न वीज अभियंत्यांपुढे सदैव उभा असतो. या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग म्हणजे ‘दोषप्रवाह मर्यादक’ हे साधन होय. वीजक्षेत्रात ते ‘फॉल्ट करंट लिमिटर’ या नावाने ओळखले जाते. हे साधन काय करते आणि जाळ्यात ते नेमके कोठे बसवावे, याचा विचार प्रस्तुत पाठात जबलपूरच्या परिसराच्या आधारे केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• वीज जाळ्यातील ‘दोषप्रवाह’ म्हणजे काय, हे सांगू शकाल;
• जाळे जोडण्याचे लाभ आणि त्यातून येणारा धोका यांची तुलना करू शकाल;
• मर्यादकाची जागा ठरविताना कोणत्या गोष्टी पाहाव्या लागतात, हे स्पष्ट करू शकाल;
• तांत्रिक विषयावरील मराठी लेखन समजून घेऊन त्याचा सारांश लिहू शकाल.

मूळ पाठ

१. जबलपूर : जाळ्यातील एक मोठा सांधा

मध्य प्रदेशातील जबलपूर हे शहर नर्मदेच्या काठी वसलेले आहे. भेडाघाटचे संगमरवरी खडक आणि धुवांधार धबधबा यांमुळे ते प्रवाशांना परिचित आहे. मराठी माणसाचाही या शहराशी जुना संबंध आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. पुढे १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात नागपूर व जबलपूर ही दोन्ही शहरे समाविष्ट झाली आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत ती एकाच राज्यात राहिली.

विजेच्या दृष्टीने या शहराचे महत्त्व वेगळेच आहे. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ असली, तरी राज्याच्या वीजव्यवस्थेचा कारभार जबलपुरातील शक्तिभवनातून चालत आला आहे. विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या निर्माण झाल्यानंतरही वीज पारेषण कंपनीचे मुख्यालय येथेच राहिले. राज्यात कोणत्या क्षणी किती वीज निर्माण होत आहे आणि किती वापरली जात आहे, यावर अहोरात्र नजर ठेवणारे राज्य भार प्रेषण केंद्रही जबलपुरातच आहे. शहराजवळील बरगी धरणावर प्रत्येकी ४५ मेगावॉटचे दोन जलविद्युत संच आहेत. राष्ट्रीय जाळ्यातील ७६५ किलोव्होल्टचे एक मोठे उपकेंद्रही जबलपूरजवळ आहे. छत्तीसगडमधील धरमजयगढकडून येणारी वीज तेथे पोहोचते आणि बीना व भोपाळ यांच्या दिशेने पुढे जाते. थोडक्यात, जबलपूर हा अनेक वाहिन्यांना एकत्र आणणारा सांधा आहे. मर्यादकाचा प्रश्न अशाच सांध्यांच्या ठिकाणी उपस्थित होतो.

२. दोषप्रवाह म्हणजे काय?

तारेतून वाहणाऱ्या विजेच्या मार्गात नेहमी काही ना काही अडथळा असतो. दिवा, पंखा, कारखान्यातील मोटार हे सारे या अडथळ्याचेच प्रकार होत. त्यांच्यामुळे प्रवाह मर्यादेत राहतो. परंतु वादळात झाडाची फांदी तारांवर पडली, वीज कोसळली, चिनी मातीचा इन्सुलेटर फुटला किंवा केबलवरील आवरण जळाले, तर प्रवाहाला एक आडवाट मिळते. या आडवाटेवर अडथळा जवळजवळ नसतो. विद्युतदाब तोच आणि अडथळा मात्र नाहीसा झालेला, त्यामुळे प्रवाह एकदम अनेक पटींनी वाढतो. यालाच आपण व्यवहारात ‘शॉर्ट सर्किट’ म्हणतो आणि त्या वेळी उसळणाऱ्या प्रवाहाला ‘दोषप्रवाह’ असे म्हणतात.

या वाढीचे परिणाम साधे नसतात. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दहापट झाला, तर उष्णता दहापट नव्हे, शंभरपट होते. शेजारशेजारच्या तारांमध्ये निर्माण होणारे ओढण्याचे किंवा ढकलण्याचे बलही त्याच प्रमाणात वाढते. त्या धक्क्याने रोहित्रातील, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधील, तांब्याची वेटोळी वाकू शकतात आणि जाड धातूच्या पट्ट्या पिळवटून निघू शकतात.

हा प्रवाह तोडण्याचे काम सर्किट ब्रेकर करतो. बिघाड झाल्याचे रिले नावाच्या उपकरणाला कळते, ते ब्रेकरला आज्ञा देते आणि ब्रेकर मार्ग तोडतो. आपल्याकडे ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर हे सारे साधारणपणे १०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात, पूर्ण व्हावे अशी अपेक्षा असते. तथापि आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते आणि दोषप्रवाहाचे सर्वांत उंच टोक पहिल्या आवर्तनातच येऊन जाते. ब्रेकर उघडेपर्यंत पहिला तडाखा सर्व उपकरणांना सोसावाच लागतो.

शिवाय प्रत्येक ब्रेकरची एक क्षमता असते. २५ हजार ॲम्पिअर तोडण्यासाठी बनविलेल्या ब्रेकरपुढे ३० हजार ॲम्पिअर आले, तर त्याच्यातील ठिणगी विझेलच याची खात्री राहत नाही. तो फुटू शकतो, त्याला आग लागू शकते आणि जवळ काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच उपकेंद्रातील संभाव्य दोषप्रवाह ब्रेकरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत राहावा, असा दंडक आपल्या देशात पारेषणाचे नियोजन करताना पाळला जातो.

पाठगत प्रश्न – १
(अ) प्रवाह पाचपट झाला, तर तारेतील उष्णता किती पट होईल?
(आ) ब्रेकर वेळेवर उघडला, तरी उपकरणांना पहिला तडाखा का बसतो?

३. जोडण्याचे बळ आणि जोडण्याचा भार

पूर्वी भारतातील वीज जाळे पाच विभागांत विभागलेले होते. मार्च २००३ मध्ये पश्चिम विभाग पूर्वेकडील विभागांशी एकाच वारंवारतेवर जोडला गेला. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर विभाग त्यात सामील झाला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण विभागही जोडला गेला आणि सारा देश एका जाळ्यात आला. या जोडणीचे लाभ उघड आहेत. एका प्रांतातील केंद्र बंद पडले, तर दुसऱ्या प्रांतातील वीज धावून येते. कोळशाच्या खाणींजवळ तयार झालेली वीज दूरच्या शहरांना मिळते.

परंतु संकटात मदतीला धावून येणारी ही वीज बिघाडाच्या जागीही तितक्याच तत्परतेने धावते. जेवढी केंद्रे जोडलेली, जेवढ्या वाहिन्या समांतर, तेवढा दोषप्रवाह मोठा. ज्या जोडणीने जाळे बलवान होते, त्याच जोडणीने बिघाडही बलवान होतो, हा या विषयातील मूळ पेच आहे.

एका काल्पनिक उदाहरणाने हा पेच पाहू. जबलपूरसारख्या शहराच्या एका उपकेंद्रात १३२ किलोव्होल्टची वीज ३३ किलोव्होल्टवर आणणारी ४० एमव्हीए क्षमतेची चार रोहित्रे आहेत असे समजा. पूर्ण भार असताना ३३ किलोव्होल्टच्या बाजूला प्रत्येक रोहित्र सुमारे ७०० ॲम्पिअर प्रवाह देते. रोहित्राचा अंतर्गत अडथळा १० टक्के धरला, तर शॉर्ट सर्किटच्या वेळी ते जास्तीत जास्त दहापट, म्हणजे सुमारे ७ हजार ॲम्पिअर देईल. चारही रोहित्रे एकाच बसबारला, म्हणजे वीज एकत्र करणाऱ्या जाड धातुपट्टीला, जोडली, तर दोषप्रवाह २८ हजार ॲम्पिअर होईल. तेथील ब्रेकरची क्षमता मात्र २५ हजार आहे.

यावर एक सोपा उपाय असा की, बसबारचे दोन तुकडे करून प्रत्येकाला दोन रोहित्रे द्यावीत. मग दोषप्रवाह १४ हजारांवर उतरतो. परंतु प्रत्येक तुकड्यावर ६० एमव्हीएचा भार असेल आणि त्यातील एक रोहित्र बंद पडले, तर उरलेल्या ४० एमव्हीएच्या रोहित्राला तो पेलणार नाही. पलीकडच्या तुकड्यावर २० एमव्हीए क्षमता रिकामी असूनही अलीकडच्या वस्तीला अंधारात बसावे लागेल. चारही रोहित्रे एकत्र जोडलेली असती, तर उरलेल्या तिघांनी मिळून १२० एमव्हीएचा सर्व भार उचलला असता. सुरक्षितता हवी, तर जोडणी तोडावी लागते. जोडणी हवी, तर सुरक्षितता धोक्यात येते. या दोन्ही गोष्टी एकत्र साधण्यासाठी मर्यादकाची कल्पना पुढे आली.

४. मर्यादकाचे कार्य आणि प्रकार

नदीच्या पात्रात अशी एक वाट आहे असे समजू की, नेहमीचे पाणी तिच्यातून विनासायास जाते. पण पूर येताच ती आपोआप अरुंद होते आणि पूर ओसरल्यावर पुन्हा मोकळी होते. दोषप्रवाह मर्यादकाचे कार्य नेमके असेच आहे. सामान्य स्थितीत त्याने प्रवाहाला अडवू नये, बिघाड होताच काही मिलिसेकंदांत मोठा अडथळा उभा करावा आणि बिघाड दूर झाल्यावर पूर्वस्थितीस यावे, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते.

सर्वांत जुना आणि साधा उपाय म्हणजे मालिकेत जोडलेला रिॲक्टर, म्हणजेच तारेचे मोठे वेटोळे. तो मजबूत असतो. परंतु त्याचा अडथळा सदासर्वकाळ कायम राहतो. त्यामुळे रोजच्या वापरातही विद्युतदाब काहीसा घटतो. दिल्लीच्या परिसरातील ४०० किलोव्होल्टच्या उपकेंद्रांत दोषप्रवाह वाढू लागला, तेव्हा असे रिॲक्टर बसविण्याचा मार्ग अवलंबिला गेला.

दुसऱ्या प्रकारात मुख्य वाहकामध्ये एक लहानसे स्फोटक ठेवलेले असते. बिघाड होताच ते वाहक तोडते आणि प्रवाह शेजारच्या फ्यूजकडे वळून तेथे मर्यादित होतो. १९५५ मध्ये जर्मनीत हे साधन विकसित झाले. त्याची क्रिया अत्यंत वेगवान असते. परंतु प्रत्येक वेळी जळालेला भाग बदलावा लागतो.

तिसरा प्रकार अतिसंवाहकाचा आहे. १९११ मध्ये डच शास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांना असे आढळले की, पारा अतिशय थंड केला असता त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो. १९८६ मध्ये बेडनोर्ट्झ आणि म्युलर यांनी त्यामानाने अधिक तापमानाला हा गुण दाखविणारे पदार्थ शोधले. त्यांच्या मागोमाग असे पदार्थ सापडले की, ज्यांना उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनची थंडी पुरते. अशा पदार्थातून ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला की, त्याचा हा गुण लोपतो आणि तो क्षणात रोधक बनतो. येथे कोणत्याही रिलेच्या आज्ञेची वाट पाहावी लागत नाही. पदार्थाचा स्वभावच पहारेकऱ्याचे काम करतो. १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका जलविद्युत केंद्रात असा मर्यादक बसवून पाहण्यात आला आणि २०१९ मध्ये मॉस्कोतील एका उपकेंद्रात २२० किलोव्होल्टवर चालणारा मर्यादक बसविण्यात आला. मात्र त्याला अखंड थंड ठेवावे लागते आणि त्याचा खर्चही मोठा असतो.

पाठगत प्रश्न – २
(अ) बसबारचे दोन तुकडे केल्याने कोणता लाभ होतो आणि कोणती हानी होते?
(आ) अतिसंवाहक मर्यादकाला रिलेच्या आज्ञेची गरज का नसते?

५. जागेची निवड

साधन महाग आणि जागा अनेक; मग ते बसवावे कोठे? दोषप्रवाह जेथे सर्वांत मोठा तेथेच मर्यादक बसवावा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु रोगाची वेदना जेथे जाणवते तेथेच रोगाचे मूळ असते असे नाही. तो प्रवाह कोणकोणत्या वाटांनी येतो आणि त्यांपैकी कोणती वाट अरुंद केली असता सर्वाधिक लाभ होईल, हे पाहावे लागते.

आपल्या उदाहरणातील उपकेंद्राकडे पुन्हा वळू. तेथे तीन जागा संभवतात. पहिली जागा बाहेर जाणाऱ्या फीडरवर. तेथे बसविलेला मर्यादक त्या एका फीडरवरील बिघाडापासूनच संरक्षण देईल. फीडर दहा असतील, तर मर्यादकही दहा लागतील आणि बसबारवर बिघाड झाला, तर त्यांतील एकही उपयोगी पडणार नाही. दुसरी जागा प्रत्येक रोहित्राच्या मुखाशी. हा उपाय परिणामकारक आहे. पण त्यासाठी चार मर्यादक हवेत. तिसरी जागा बसबारच्या दोन तुकड्यांना जोडणाऱ्या सांध्यात, ज्याला बस कपलर म्हणतात. येथे एकच मर्यादक पुरतो. डाव्या तुकड्यावर बिघाड झाला, तर डावीकडील दोन रोहित्रांचे १४ हजार ॲम्पिअर तेथे पोहोचतील. उजवीकडून येऊ पाहणाऱ्या १४ हजारांना मर्यादक अडवील आणि समजा ५ हजारच जाऊ देईल. एकूण दोषप्रवाह १९ हजार होईल. २५ हजारांचे ८० टक्के म्हणजे २० हजार. म्हणजे आपण मर्यादेच्या आत आलो. शिवाय एखादे रोहित्र बंद पडले, तर दुसऱ्या तुकड्यावरील वीज याच सांध्यातून अडथळ्यावाचून इकडे येऊ शकेल. एका साधनाने दोन्ही तुकड्यांचे रक्षण झाले आणि जोडणीही टिकली.

मोठ्या जाळ्यात हाच विचार विस्ताराने करावा लागतो. अभियंते प्रथम प्रत्येक उपकेंद्रातील संभाव्य दोषप्रवाह संगणकावर काढतात. नंतर एकेका वाटेत थोडासा अडथळा वाढविला, तर किती ठिकाणचा दोषप्रवाह किती घटतो, हे पडताळतात. ज्या एका जागेमुळे अनेक ठिकाणचा धोका कमी होतो, ती जागा अग्रक्रमाने निवडली जाते. दोन विभागांना जोडणाऱ्या वाहिन्या आणि उपकेंद्रांतील सांधे यांना म्हणूनच विशेष महत्त्व येते.

६. स्थैर्याचा प्रश्न

जागा ठरविताना दोषप्रवाहाचा आकडा खाली आणणे एवढेच उद्दिष्ट पुरेसे नाही. जाळ्याचे स्थैर्यही पाहावे लागते. जाळ्याला जोडलेली सर्व जनित्रे एका तालात फिरत असतात. बीरसिंगपूरच्या संजय गांधी औष्णिक विद्युत केंद्रासारख्या एखाद्या केंद्राजवळ बिघाड झाला असे समजा. बिघाडाच्या जागी विद्युतदाब कोसळतो आणि जनित्राला आपली वीज बाहेर पाठविता येत नाही. मात्र वाफेचा जोर जनित्राला फिरवीतच राहतो. ओझे एकदम उतरलेल्या बैलगाडीप्रमाणे त्याचा वेग वाढू लागतो. बिघाड वेळेत दूर झाला नाही, तर ते इतर जनित्रांच्या तालातून निसटते आणि त्याला जाळ्यापासून तोडावे लागते. एक केंद्र तुटले की, त्याचा भार इतरांवर पडतो आणि संकट पसरू लागते.

अशा वेळी केंद्राजवळच्या वाहिनीत रोधक स्वरूपाचा मर्यादक असेल, तर दुहेरी लाभ होतो. विद्युतदाब पूर्णपणे कोसळत नाही आणि मर्यादकाच्या रोधात जनित्राची काही शक्ती खर्च होते. ती जणू धावत्या चाकाला लावलेल्या ब्रेकसारखी उपयोगी पडते. तोच मर्यादक दूर, ग्राहकांच्या टोकाला बसविला, तर केंद्राजवळच्या बिघाडात जनित्राला त्याचा आधार मिळणार नाही.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. तापलेला अतिसंवाहक पुन्हा थंड होण्यास काही सेकंद लागू शकतात. बिघाड दूर होऊन वाहिनी लगेच जोडली गेली आणि मर्यादक मात्र अजून रोधक अवस्थेतच असला, तर ऐन गरजेच्या वेळी वीज वाहून नेण्याची क्षमता घटते आणि स्थैर्याला हातभार लागण्याऐवजी धक्का बसतो. त्याचप्रमाणे काही रिले विद्युतदाब आणि प्रवाह यांच्या गुणोत्तरावरून बिघाड किती दूर आहे हे ठरवितात. वाटेत मर्यादकाचा अडथळा आला की, जवळचा बिघाडही त्यांना दूरचा भासतो. म्हणून मर्यादक बसविला की, परिसरातील रिलेंची मांडणी नव्याने तपासावी लागते.

७. औषधाआधी निदान

३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचे वीज जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलै रोजी दुपारी एकच्या सुमारास, उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही विभागांचे जाळे बंद पडले. सुमारे ६२ कोटी लोकांच्या प्रदेशावर त्याचा परिणाम झाला. रेल्वेगाड्या थांबल्या आणि कोळशाच्या खाणींत उतरलेले कामगार काही काळ भूगर्भात अडकले. दोन्ही दिवशी घटनांची साखळी मध्य प्रदेशातून सुरू झाली. बीना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी प्रथम तुटली होती.

या वाहिनीवर शॉर्ट सर्किट झाले होते का? चौकशीत तसे आढळले नाही. त्या काळात काही वाहिन्या बंद होत्या, उत्तरेकडील राज्ये ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढत होती आणि उरलेल्या वाहिनीवर भार अतोनात वाढला होता. वाढलेला प्रवाह आणि घटलेला दाब पाहून रिलेने भारालाच बिघाड समजून वाहिनी तोडली. अशा प्रसंगी त्या वाहिनीवर मर्यादक असता, तरी तो उपयोगी पडला नसता. कारण त्याने ज्या शत्रूशी लढायचे, तो शत्रू तेथे नव्हताच. तेथे गरज होती ती भारावर शिस्त ठेवण्याची, पुरेशा वाहिन्यांची आणि रिलेंच्या योग्य मांडणीची.

आजच्या जाळ्याचे स्वरूपही बदलत आहे. रीवा येथील ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासारखी केंद्रे इन्व्हर्टरमार्फत जाळ्याला जोडलेली असतात. बिघाडाच्या वेळी इन्व्हर्टर आपल्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा फारसा अधिक प्रवाह देत नाही. विंध्याचल येथे १९८९ पासून कार्यरत असलेल्या दोन विभागांमधील एकदिश प्रवाहाच्या जोडणीतूनही दोषप्रवाह पलीकडे सहज जात नाही. म्हणजे एका उपकेंद्रात दोषप्रवाह वाढत असताना दुसरीकडे तो वाढेलच असे नाही. प्रत्येक सांध्याची प्रकृती वेगळी असते आणि ती काळानुसार बदलते. म्हणून मर्यादकाची जागा एकदा ठरवून विसरता येत नाही. जाळे बदलले की हिशेबही नव्याने करावा लागतो.

उत्तम साधन अयोग्य जागी बसविले, तर खर्च होतो आणि रक्षण होत नाही. योग्य जागी बसविलेले एकच साधन मात्र कर्मचाऱ्याचा जीव, रुग्णालयातील शस्त्रक्रियेचा दिवा आणि शेतकऱ्याचा पंप या साऱ्यांचे रक्षण करू शकते. ती जागा शोधण्यासाठी जाळ्याचा धीराने अभ्यास करणे, हेच अभियंत्याचे खरे काम आहे.

पाठगत प्रश्न – ३
(अ) बस कपलरमध्ये मर्यादक बसविल्याने एकच साधन का पुरते?
(आ) जुलै २०१२ च्या प्रसंगी मर्यादक निरुपयोगी का ठरला असता?

शब्दार्थ

अंगवळणी पडणे – सवयीचे होणे
अमल – सत्ता, राज्य
पारेषण – वीज एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहून नेणे
भार प्रेषण – मागणीनुसार विजेचे वाटप व नियंत्रण
आवर्तन – पुन्हा पुन्हा होणारी एक पूर्ण फेरी
दंडक – पाळावयाचा नियम
पेच – अडचण, गुंता
रोधक – अडविणारा
जनित्र – वीज निर्माण करणारे यंत्र
निदान – रोगाचे कारण ओळखणे

भाषा अभ्यास

१. ‘अति + संवाहक = अतिसंवाहक’. येथे ‘अति’ हा उपसर्ग लागून नवा पारिभाषिक शब्द तयार झाला आहे. ‘उप + केंद्र = उपकेंद्र’ हा शब्दही तसाच आहे. ‘अति’ आणि ‘उप’ हे उपसर्ग लावून आणखी दोन-दोन शब्द तयार करा.

२. ‘दोषप्रवाह’ (दोषामुळे निर्माण झालेला प्रवाह) हा तत्पुरुष समास आहे. ‘वीजकेंद्र’, ‘विद्युतदाब’ आणि ‘धातुपट्टी’ या शब्दांचा विग्रह करा.

३. ‘सुरक्षितता हवी, तर जोडणी तोडावी लागते.’ या वाक्यात एक गोष्ट दुसरीवर अवलंबून आहे. ‘तर’ या अव्ययाचा असा वापर असलेली आणखी दोन वाक्ये पाठातून शोधून लिहा.

तुम्ही काय शिकलात?

• मार्गातील अडथळा नाहीसा झाला की प्रवाह अनेक पटींनी वाढतो. त्याला दोषप्रवाह म्हणतात.
• जाळे जोडल्याने मदत मिळते, पण दोषप्रवाहही वाढतो.
• मर्यादक सामान्य स्थितीत वाट मोकळी ठेवतो आणि बिघाडाच्या वेळी अडथळा उभा करतो.
• त्याची जागा ठरविताना दोषप्रवाह, स्थैर्य, पूर्वस्थितीस येण्याचा काळ, रिलेंची मांडणी आणि खर्च यांचा एकत्रित विचार करावा लागतो.
• प्रत्येक बिघाडावर मर्यादक हे उत्तर नसते. उपायाआधी कारण शोधले पाहिजे.

पाठान्त प्रश्न

१. ‘ज्या जोडणीने जाळे बलवान होते, त्याच जोडणीने बिघाडही बलवान होतो.’ हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.
२. रिॲक्टर, स्फोटक असलेला मर्यादक आणि अतिसंवाहक मर्यादक यांची तुलना आठ ते दहा ओळींत करा.
३. पाठातील उपकेंद्रात प्रत्येक रोहित्र शॉर्ट सर्किटच्या वेळी ६ हजार ॲम्पिअर देते असे माना. चारही रोहित्रे जोडलेली असताना दोषप्रवाह किती होईल? तो ८० टक्क्यांच्या मर्यादेत बसेल का?
४. ‘औषधाआधी निदान’ हे शीर्षक सातव्या भागाला का दिले असावे, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या गावात किंवा वस्तीत वीज गेल्यावर कोणाकोणाची अडचण होते, यावर सुमारे १०० शब्दांचा परिच्छेद लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) पंचवीसपट. (आ) दोषप्रवाहाचे सर्वांत उंच टोक पहिल्या आवर्तनातच येते आणि ब्रेकर त्यानंतर उघडतो.
२. (अ) दोषप्रवाह निम्मा होतो. परंतु एका तुकड्यावर वीज कमी पडली, तर दुसऱ्या तुकड्याची मदत मिळत नाही. (आ) प्रवाह मर्यादेबाहेर जाताच त्या पदार्थाचा अतिसंवाहकतेचा गुण आपोआप लोपतो.
३. (अ) बिघाड कोणत्याही तुकड्यावर झाला, तरी दुसऱ्या तुकड्याकडून येणारा प्रवाह त्याच सांध्यातून जातो. (आ) वाहिनीवर शॉर्ट सर्किट नव्हते. अतिभारालाच रिलेने बिघाड मानले होते.